प्रति: १२० तासांचा ऑनलाइन कोर्स पुरेल का?

ताई, तुम्ही विचारलंय की स्वस्तातला १२० तासांचा ऑनलाइन कोर्स करून परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळेल का. मी आधी तोच केला होता. दादरच्या एका क्लासने 'नोकरीची हमी' म्हणून पैसे घेतले, सर्टिफिकेट दिलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. म्हणून कळकळीने सांगते, हमी देणाऱ्यापासून लांब राहा.

पुढे पैसे साठवून केंब्रिजचा सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र देणारा कोर्स) केला. खरा फरक तिथे कळला. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे ट्यूटर बसून टिपणं काढतो. माझ्या पहिल्या चाळीस मिनिटांच्या तासात तीस मिनिटं मीच बोलले होते. ट्यूटरने मिनिटं मोजून कागदावर लिहिली होती! तो कागद अजून जपून ठेवलाय.

पासपोर्टचं मात्र आधी बघा. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी लागणारा ई-२ व्हिसा साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारत-कोरिया करारात शिक्षक पात्रता असलेल्या भारतीयांना थोडी सवलत आहे, ती सोडली तर आपलं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी मिळत नाही. हे माझ्या मनाला फार लागतं, पण अर्ज करण्याआधी माहीत असलेलं बरं.

पदवीचं राज्य शासनाकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का) आणि पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला), याला वेळ लागतो. कुठला देश डोक्यात आहे ते लिहा, त्याप्रमाणे सांगते.