जम्मूला संतूर, मदुराईला काय लावायचं?

बाबा: सगळ्यांना नमस्कार. काल रात्री जुना नकाशा काढून बसलो होतो, श्रीनगर ते कन्याकुमारी हायवे ४४ वर पेन्सिलने रेघ मारली. शाळेत असल्यापासून डोक्यात आहे हे. आता रिटायर झालोय, गाडी चांगली आहे, गुडघेही बरे आहेत, ऑक्टोबरात निघायचं असं मनाने घेतलंय. पुण्याहून जयपूरमार्गे वर श्रीनगर, तिथून सरळ खाली कन्याकुमारी आणि येताना बंगळूर हुबळी कोल्हापूर करत घरी. सगळं मिळून सात-साडेसात हजार किमी, महिनाभर धरलाय. कोण येणार ते सांगा, आणि गाडीत काय ऐकायचं तेही आत्ताच सांगा, मागच्या वेळी कोकणात जाताना चार जणांचे चार मोबाइल वाजत होते तसं नको.

आत्या (नागपूर): अण्णा मी नागपुरातून बसते ती थेट कन्याकुमारीपर्यंत!! झिरो माइलपाशी उभी राहते डबे घेऊन, दोन दिवस मुक्काम मात्र करायचा

काका: दादा डिसेंबर का नाही? ग्वाल्हेरचा तानसेन समारोह डिसेंबरात असतो आणि जालंधरचं हरिवल्लभ संगीत संमेलनही डिसेंबरच्या शेवटाला, १८७५ पासून चालू आहे ते, आणि दोन्ही गावं बरोबर आपल्या रस्त्यावर

बाबा: माहितीये रे. पण डिसेंबरात बनिहालच्या वर बर्फ. बोगदा झाला तरी रामबनकडे दरड आली की रस्ता बंद, मग दोन-दोन दिवस अडकायचं. आणि पुण्यात सवाई असतो, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव, १९५३ पासून चाललेला, तो मी चुकवणार नाही. ऑक्टोबरच.

मी: मला एक सुचतंय. आपण आवडीच्या गाण्यांची यादी करायलाच नको. रस्ता ज्या गावातून जातो तिथलं संगीत त्या दिवशी लावायचं. म्हणजे बघा, काश्मीरमध्ये संतूर हे सूफियाना मौसिकीतलं, म्हणजे तिथल्या सूफी संगीतातलं, तारांचं वाद्य, ते शास्त्रीय मैफलीत आणलं शिवकुमार शर्मांनी, त्यांचा जन्म १९३८ चा, जम्मूतला. श्रीनगर ते जम्मू घाट उतरताना संतूर!

वहिनी: किती छान कल्पना आहे ही 😍 मग दिल्लीत निजामुद्दीनची कव्वाली घ्या, तिथे तर गुरुवारी संध्याकाळी प्रत्यक्षच जाऊ

दादा (बंगळूर): कल्पना मस्तच आहे पण गाडीत ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायन, कसं ऐकू येणार ते आधी बघा. ८० च्या स्पीडला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा असतो की तानपुरा आणि खालच्या सुरातली आलापी त्यात गडप होते, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि दहा मिनिटांनी तान आली की मागे बसलेल्यांच्या कानठळ्या बसतात. संतूर चालेल, त्याचा प्रत्येक टणत्कार सुटा कळतो. व्हायोलिन, खंजिरी, ढोलकी पण चालेल. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, मात्र गाडी थांबवूनच. चहाला थांबलो की इंजिन बंद, दारं उघडी, अर्धा तास फक्त ऐकायचं.

बाबा: मान्य. शंभर टक्के मान्य.

आत्या (नागपूर): खंजिरी म्हणालास म्हणून सांगते विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनंच लागली पाहिजेत. आणि शिवनीकडून नागपूरला येताना पेंचचं जंगल लागतं, तिथे रस्ता खांबांवर उचललाय, खालून वाघ हरणं जातात आणि गाड्यांचा आवाज खाली पोचू नये म्हणून बाजूला भिंती घातल्यात. तेवढा पट्टा काचा बंद आणि गाणी बंद. हे माझ्याकडून नियम म्हणून लिहा.

मी: लिहिलं आत्या

काका: ग्वाल्हेरला तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो असं गवई मानत आलेत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरलाच जाऊन शिकले, तिथून ख्याल आपल्याकडे रुजला, पुढे त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे हा रस्ता आपल्या गाण्याचाच आहे. मी येतोय, पहिल्या दिवसापासून. रजा टाकतो.

आई: सगळ्यांचं वाचतेय. मला फक्त तंजावर हवंय. हायवेवर नाही म्हणून कुणी टाळू नका.

दादा (बंगळूर): आई करूरहून त्रिचीमार्गे आत जायचं, पुढे त्रिचीवरूनच मदुराईला निघू, एक दिवस वाढेल. पण तंजावरच का?

आई: तिथे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर आपल्या मराठीत शिलालेख कोरलाय. आणि आपलं कीर्तन तिकडे गेलं ते तिथल्या हरिकथेत मिसळलं. मुख्य म्हणजे तामिळ लोक अजून भजनात आपले अभंग म्हणतात. उच्चार त्यांचे, चाल त्यांची, आणि शब्द आपल्या तुकोबांचे. मी पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा स्वयंपाक ठेवून उभी राहिले होते. माझ्या आईला अक्षरं येत नव्हती पण अभंग दीडशे तरी पाठ होते, तिला हे ऐकवायचं राहून गेलं. मला ते त्यांच्या गावात, त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

आत्या (नागपूर): वहिनी 🙏 अण्णा तंजावर पक्कं कर

बाबा: दोन मुक्काम तंजावरला. नकाशावर रेघ वळवली.

वहिनी: आई मी पण येते हो तुमच्याबरोबर तंजावरला, आम्ही बंगळूरहून बसू. आणि मदुराई राहिली ना, एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा जन्म मदुराईचाच, १९१६. पहाटे मदुराई सोडताना त्या.

मी: काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही हं, पोस्टपेड लागतं, त्यामुळे ऑनलाइन ऐकू या भरवशावर राहू नका. सगळं आधी डाउनलोड करायचं, पेनड्राइव्हवर गावाच्या नावाचे फोल्डर, आणि एक जादा पेनड्राइव्ह आईच्या पर्समध्ये.

दादा (बंगळूर): आणि एक, गाणं लावून झोप उडत नाही. ढोलकी कितीही जोरात लावली तरी डोळे मिटतातच. पेंग आली की गाडी बाजूला, दुसरा बसेल. बाबा तुम्ही दिवसाला तीन तासच चालवायची.

बाबा: चार.

आई: तीन.

बाबा: बरं, तीन.

काका: आणि परतीला?

बाबा: परतीचं मी पहिल्या दिवसापासून ठरवलंय, सांगितलं नव्हतं. भीमसेन जोशी ११ वर्षांचे असताना गुरू शोधायला घरातून पळाले. गदगचा पोरगा, तिकिटाला पैसे नाहीत, डब्यात गाणी म्हणत प्रवास. ग्वाल्हेर, दिल्ली करत शेवटी जालंधर. तिथे गवई विनायकबुवा पटवर्धन भेटले, ते म्हणाले सवाई गंधर्वांसारखे गवई तुझ्या घराजवळ आहेत, इकडे कशाला फिरतोस. मग परत आले आणि हुबळीजवळच्या कुंदगोळला गुरुगृही राहिले. मी आयुष्यभर त्यांना ऐकलं पण ज्या वाटेने ते पोरवयात फिरले ती एकदाही बघितली नाही. ग्वाल्हेर, जालंधर, कुंदगोळ तिन्ही या एका फेरीत येतात. म्हणून हा रस्ता, नाहीतर लेहला गेलो असतो.

काका: दादा हे तू कधी बोलला नाहीस

आत्या (नागपूर): मग मी कन्याकुमारीला उतरत नाही. कुंदगोळपर्यंत येते आणि तिथून पुण्याला.

आई: सात माणसं झाली. एका गाडीत मावणार नाहीत.

दादा (बंगळूर): बंगळूरपासून आमची गाडी घेतो, तोवर तुम्ही पाचच आहात. दोन्ही गाड्यांत तेच फोल्डर.

मी: बाबा कुंदगोळच्या फोल्डरमध्ये काय टाकू?

बाबा: ते रिकामं ठेव. तिथे पोचलो की मी सांगतो.