गुळ्या निघाला सिएटलला (घरच्या ग्रुपवरून)

शनिवार

ओंकार: बातमी आहे. नोकरी बदलली. जुलैपासून सिएटल. आम्ही दोघं आणि गुळ्या गाडीने जातोय, वाटेत तंबू टाकत. न्यू जर्सीतलं एडिसन ते सिएटल, साधारण ४६०० किलोमीटर. १४ दिवस धरलेत.

सुमाआत्या: अभिनंदन!!! पण गाडीने का रे? विमानं बंद पडली का तिकडची?

मुक्ता: आत्या, गुळ्या २८ किलोचा आहे. सीटखाली मावेल तेवढंच कुत्रं केबिनमध्ये घेतात. मोठं असेल तर पिंजऱ्यात घालून खाली सामानाच्या भागात. उन्हाळ्यात तेही पुष्कळदा नाही म्हणतात. आणि हो म्हणाले तरी मी पाठवणार नाही.

दिलीपकाका: म्हणजे एका कुत्र्यासाठी दोन इंजिनियर चौदा दिवस रानात झोपणार.

ओंकार: हो काका.

दिलीपकाका: ठीक. फक्त विचारून घेतलं.

बाबा: नकाशा पाहिला. कॅनडातून जा, नायगराही होईल.

ओंकार: नको बाबा. पासपोर्टवर नवीन व्हिसाचा शिक्का नाहीये, बाहेर पडलो तर परत आत येताना कटकट. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत शिरणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप लागते आणि ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. इथलाच असून परत येत असला तरी. आमच्या तिघांत जन्माने अमेरिकन तो एकटाच, पण फॉर्म त्यालाही चुकला नाही.

आजी: ओंकार तंबूत अस्वल येतं का रे

ओंकार: अगं आजी, सगळीकडे नसतात.

आजी: म्हणजे काही ठिकाणी असतात

नीलेशदादा: आम्ही २०१७ ला बाइकवर लडाख केलं तेव्हा

सुमाआत्या: नीलेश, ते आपण ऐकलंय.

सायली: मी डॉक्टर म्हणून बोलते, म्हणजे गुळ्याची डॉक्टर. रेबीजचं सर्टिफिकेट छापून गाडीत ठेवा, फोनमध्ये नको, रेंज नसते. गोचिडांची गोळी निघायच्या आधी द्या, न्यू जर्सीत लाइम रोग भरपूर आहे आणि पुढेही गवतातूनच फिरणार आहात. ओढ्याचं, डबक्याचं पाणी पिऊ द्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद गाडीत एकटा ठेवायचा नाही. बाहेर २७ अंश असले तरी गाडीत दहा मिनिटांत ३७ होतात, अर्ध्या तासात ४५ च्या वर. काच बोटभर खाली केली म्हणून काही फरक पडत नाही.

सुमाआत्या: मग तुम्ही हॉटेलात जेवणार कसे?

मुक्ता: नाहीच जेवणार आत्या. दोन बर्नरची शेगडी घेतलीय आणि तीन लिटरचा कुकर.

बाबा: मागच्या अंगणातलं जुनं कुंपण मोडलंय ना? त्याच्या फळ्या घेऊन जा शेकोटीला. तिकडे विकत कशाला.

ओंकार: बाबा, सरपण एका भागातून दुसऱ्या भागात नेऊ नका असं इथे सगळीकडे सांगतात. लाकडात किडे लपून जातात. ॲशची झाडं मारणारा एक हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, तो असाच लोकांच्या गाड्यांतून फिरत फिरत देशभर गेला. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं.

बाबा: बरं. भुंग्यासाठी पैसे घाला.

आजी: दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात तुम्ही एकालाच नेताय त्यात काय एवढं नीट जा

दिलीपकाका: धर्मराजही कुत्रा घेऊन निघाला होता. पण बाकीचे वाटेत एकेक करून पडले, हेही लक्षात ठेवा.

सुमाआत्या: दिलीप!!

पुढचा शनिवार

मुक्ता: निघालो. इंटरस्टेट ८०. हा रस्ता पेनसिल्व्हेनियातूनच ५०० किलोमीटर जातो. गुळ्या मागच्या सीटवर पट्ट्यात, डोकं माझ्या पिशवीवर.

आजी: रोज माझ्या सकाळी सातला फोन करा मग मी पूजेला बसते

ओंकार: म्हणजे आमच्या रात्री साडेनऊला. चालेल आजी.

रविवार

मुक्ता: सायली आहेस का? लगेच.

मुक्ता: आम्ही ओहायोत, कॅम्पवर. रात्रीचे ११. गुळ्याच्या तोंडावर स्कंक मारून गेला. वासाने डोळ्यांतून पाणी येतंय.

सुमाआत्या: स्कंक म्हणजे काय?

ओंकार: मांजराएवढा, काळा-पांढरा. शेपटी वर करून फवारा मारतो. जळकं रबर, सडका लसूण आणि दिलीपकाकांचे ट्रेकचे मोजे एकत्र करा.

सुमाआत्या: डाळीचं पीठ आणि हळद लावा. नाहीतर टोमॅटो चोळा.

सायली: आत्या थांब. टोमॅटोने वास जात नाही, कुत्रा फक्त लाल होतो. मुक्ता, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण १ लिटर, पाव कप खायचा सोडा, एक-दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड. उघड्या बादलीत कालवा आणि लगेच लावा. डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका. पाचेक मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. उरलेलं बाटलीत भरून झाकण लावायचं नाही, बाटली फुटते.

मुक्ता: चोवीस तास उघडं दुकान १८ किलोमीटरवर आहे. ओंकार निघाला. मी आणि गुळ्या एकमेकांकडे बघतोय.

(दोन तासांनी)

मुक्ता: बराचसा गेला. पेरॉक्साइडने अंगावरचे केस फिके पडलेत. गुळ्याचा साखऱ्या झालाय.

दिलीपकाका: पहिलाच दिवस ना हा?

सोमवार

ओंकार: इंडियाना ड्यून्स. लेक मिशिगनच्या काठावर वाळूच्या टेकड्या. २०१९ मध्ये याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. बहुतेक किनाऱ्यांवर कुत्रं चालतं, साखळी तेवढी हवी. लाटा आहेत, वाळू आहे, पलीकडचा काठ दिसत नाही आणि पाणी गोड. गुळ्याने आधी चाखून पाहिलं, मग आत गेला.

मुक्ता: कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला शेजारच्या तंबूतले आजोबा चार्जर टाकून धावत आले, काहीतरी फुटतंय म्हणून. त्यांना खिचडी दिली. आता ते गुळ्याला घेऊन फेरी मारायला गेलेत.

आजी: मी सातला वाट पाहत होते फोन आला नाही

ओंकार: अगं आजी, आता आम्ही सेंट्रल टाइममध्ये आलो. तुझे सात म्हणजे आमचे साडेआठ. चुकलं माझं.

बुधवार

ओंकार: साउथ डकोटा. मैलोन् मैल रस्त्याकडेला एकाच दुकानाच्या पाट्या. वॉल ड्रग. १९३१ पासूनचं दुकान, प्रवाशांना थंडगार पाणी फुकट देऊन नावारूपाला आलं. कॉफी अजून पाच सेंटला.

दिलीपकाका: पाच सेंट म्हणजे चार रुपयांच्या आसपास. सिएटल राहू दे, तिथेच घर बघा.

गुरुवार

मुक्ता: आता बॅडलँड्सबद्दल. फोटो पाठवलेत त्यात जमीन दिसतेय ना, थरांची, गुलाबी-पिवळी, आजीच्या जुन्या गोधडीसारखी? ती आम्ही गाडीतूनच पाहिली. नॅशनल पार्कात कुत्र्याला पायवाटांवर मनाई. साखळी असली तरी. पार्किंग, डांबरी आणि खडीचे रस्ते, कॅम्पची जागा, बस्स. साखळीही सहा फुटांहून लांब नको. पहिल्यांदा चिडचिड झाली, एवढ्या लांब येऊन खिडकीतून बघायचं. मग रेंजरबाईंनीच सांगितलं, पार्काची हद्द संपली की बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड सुरू होतं, ते वनखात्याचं आहे, तिथे जा. गेलो. माणूस नाही, पाटी नाही, गुडघाभर गवत आणि वारा. आम्ही तिघं दोन तास चाललो. तिकडच्या प्रसिद्ध पायवाटेवर बसमधून उतरलेले दोनशे लोक होते.

सायली: प्रेअरी डॉगच्या बिळांजवळ सोडू नका हं. नाव डॉग, पण तो खारीच्या जातीचा. त्यांच्यावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो.

सुमाआत्या: प्लेग?? अमेरिकेत??

बाबा: सुमे, हा आपलाच प्लेग आहे. १८९६ ला मुंबईत आला, १८९७ ला पुण्यात, रँडचं प्रकरण त्यातलंच. तीच साथ जहाजांतल्या उंदरांबरोबर १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. तिथून रानातल्या खारींत, प्रेअरी डॉगांत शिरली आणि तिकडेच मुरली. शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण त्याचं टोक ओंकारच्या तंबूपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं.

ओंकार: बाबा, हे तुम्ही आम्हाला निघायच्या आधी सांगायला हवं होतं.

शुक्रवार

ओंकार: काल रात्री सेज क्रीकला उतरलो. फुकट कॅम्प, पाणी नाही, बुकिंग नाही. सकाळी तंबूपासून शंभर पावलांवर बायसन. रेडा समजा, पण दाढीवाला आणि आपल्या गाडीएवढा. गुळ्या भुंकला नाही. माझ्यामागे लपला.

मुक्ता: यांनी रात्रीचं सांगितलंच नाही. ११ वाजता वारा सुटला तो तंबूचा एक दांडा मोडूनच थांबला. मग गारा. उरलेली रात्र तिघंही गाडीत. आडवा एकटा गुळ्या होता.

नीलेशदादा: दांडा मोडला तर बाहेरून नळीचा तुकडा चढवून दोन्हीकडे टेप मारा. लडाखला आम्ही हेच केलं.

ओंकार: दादा, हे खरंच उपयोगी आहे. करतो.

सुमाआत्या: बघा. लडाख शेवटी कामाला आलं.

मंगळवार

आजी: दोन दिवस फोन नाही

सुमाआत्या: मेसेजला एकच टिक आहे. शेवटचं "यलोस्टोनमध्ये शिरतोय" एवढंच.

दिलीपकाका: रेंज नसेल.

सुमाआत्या: दिलीप, तू अस्वलांचा व्हिडिओ फॉरवर्ड केला होतास तो डिलीट कर आधी.

दिलीपकाका: हा मेसेज डिलीट केला आहे.

बाबा: वकिलातीचा नंबर शोधून ठेवलाय. उद्या सकाळपर्यंत बघू.

बुधवार

मुक्ता: आहोत! सगळे आहोत! आजी, सॉरी. आत रेंजच नव्हती. आता मोंटानात बाहेर पडलोय. सविस्तर लिहिते.

यलोस्टोन १८७२ चं, पहिलं नॅशनल पार्क. कुत्र्यासाठी तिथे सगळ्यात कडक. रस्ता, पार्किंग, कॅम्प यांच्यापासून १०० फुटांच्या आत राहायचं. लाकडी फळ्यांच्या वाटांवर, म्हणजे जिथून ते उकळते झरे बघतात, तिथे अजिबात नाही. एकटा बांधूनही ठेवता येत नाही. मी रेंजरला विचारलं, एवढं का? त्याने सांगितलं ते ऐकून गप्प बसले. १९८१ मध्ये एकाचं कुत्रं गाडीतून निसटलं आणि उकळत्या झऱ्यात पडलं. त्याचा मित्र, चोवीस वर्षांचा मुलगा, लोक नको नको ओरडत असताना त्याला काढायला सूर मारून गेला. पाणी नव्वद अंशांच्या वर. कुत्रं तिथेच गेलं, मुलगा दुसऱ्या दिवशी. मी त्यानंतर गुळ्याची साखळी मनगटाला दोन वेढे घेऊन धरली.

ओल्ड फेथफुल म्हणजे तो प्रसिद्ध गरम पाण्याचा फवारा. साधारण दीड तासाने उडतो. आधी मी गेले, ओंकार पार्किंगमध्ये झाडाखाली गुळ्याबरोबर. मी आले, मग पुढचा तो बघून आला. एका फवाऱ्यासाठी आमचे साडेतीन तास. आमचा एकत्र फोटो नाही. त्याच्या फवाऱ्याला ऊन होतं, माझ्याला ढग. दोघांनी एकमेकांना आपापला सांगितला, रात्री तंबूत, आणि अजून आमचं एकमत नाही की कुणाचा उंच होता.

अस्वल दिसलं. लांबून, दुर्बिणीतून, शंभर यार्डांच्या आत जायचंच नसतं. कॅम्पवर लोखंडी पेट्या असतात, वासाचं सगळं त्यात कोंडायचं. आपलं खाणं, टूथपेस्ट, गुळ्याचा खाऊ, त्याचं रिकामं भांडंसुद्धा. आजी, तुम्ही दिलेलं मेतकूटही तीन रात्री त्या पेटीत होतं.

आजी: अस्वलाला मेतकूट आवडेल का गं

मुक्ता: अहो आजी, तो प्रयोग करायचा नव्हता.

सुमाआत्या: पुढच्या वेळी कुत्रा पाळणाघरात ठेवा आणि दोघं एकत्र बघा फवारा.

ओंकार: आत्या, त्याच्यामुळेच तर ही ट्रिप झाली. तो नसता तर विमानाने पाच-सहा तासांत पोचलो असतो आणि खिडकीतून ढग पाहिले असते.

दिलीपकाका: हे मात्र पटलं. जपून जा.

शुक्रवार

ओंकार: मोंटाना संपलं. लुकआउट पासवर घाट ओलांडून आयडाहोत आलो. दांड्याची नळी टिकलीय, नीलेशदादा.

ओंकार: आजी, पुन्हा वेळ बदलली. आता तुझे सकाळचे सात म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा. सिएटललाही हीच वेळ.

आजी: आधी साडेनऊ मग साडेआठ मग साडेसात आता साडेसहा म्हणजे आता बदलणार नाही ना

ओंकार: नाही.

बाबा: नोव्हेंबरात ते घड्याळ तासभर मागे करतात. मग साडेपाच.

आजी: मी आता पूजा आधी करते फोन मग जेव्हा येईल तेव्हा गुळ्याला काय दिलं खायला आज