गुरुवारच असू द्या

दादा, तुम्ही म्हणता येशूच्या स्वर्गारोहणाचा सण गुरुवारी येतो, सुट्टी नसते, चर्चमध्ये डोकी मोजकीच, तेव्हा रविवारीच उरकावा. बऱ्याच ठिकाणी तसं करतातही. पण ईस्टरचा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा, रविवार धरून चाळिसावा दिवस मोजला की गुरुवारच येतो, आणि तो कामाचा वार आहे म्हणूनच मला आवडतो.

आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. ड्युटी संपवून, पांढऱ्या साडीवरचा आयोडीनचा डाग तसाच घेऊन ती संध्याकाळच्या उपासनेला यायची. पाळकसाहेब तोच प्रसंग वाचायचे: येशू ढगाआड गेला, शिष्य वर बघत उभे, आणि शुभ्र कपड्यांतले दोघे विचारतात, आकाशाकडे काय बघत राहिलात? नेमकी तेव्हाच आई मला कोपराने ढोसायची, कारण मी पंख्याकडे बघत असायचो. (मे महिन्यातली मिरज आणि करकरणारा पंखा, माझी काय चूक!)

त्यानंतर शिष्य यरुशलेमेला आनंदाने परतले, असं लूक त्याच्या शुभवर्तमानात लिहितो. निरोप देऊन आलेली माणसं आनंदात कशी, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. आई मात्र आशीर्वाद झाला की डबा उचलून विचारायची, "उद्या मला नाइट आहे, दूध कोण आणणार?"