ऐरोलीत नोकरी, सोबत आई, भाड्याला १४ हजार: घर कुठे बघू?

कऱ्हाडची_लेक:
नमस्कार. १ तारखेपासून ऐरोलीतल्या आयटी पार्कात रुजू होतेय. शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११. वडील गेल्यापासून आई गावी एकटीच असते, तिला घेऊनच येणार आहे. भाड्याला १४,००० च्या वर जमणार नाही, डिपॉझिटला ५०,००० साठवलेत.

दोन रविवार पायपीट केली. ऐरोलीच्या सेक्टरमधले वन बीएचके आवाक्याबाहेर. घणसोली गावात १०,००० ला वन आरके पाहिला. हवेशीर, स्वच्छ, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. जिना इतका उभा की मीच कठडा धरून उतरले. आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. एकदा वर चढली की खाली उतरायचं नावच काढणार नाही, आणि माणसांशी बोलल्याशिवाय तिला करमत नाही. कळव्यात लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये १३,००० ला जुना वन बीएचके आहे. पण एजंट म्हणतो, "११ महिन्यांचाच करार, रजिस्टर कशाला? नोटरी करू." काय करू?

घणसोली_गाव:
ताई, गावातच हवं असेल तर एजंट सोडा, किराणा दुकानात विचारा. तळमजला मिळतो, पण भिंतीला हात लावून ओल बघा. मीटर स्वतंत्र आहे का तेही विचारा. सबमीटर असेल तर युनिटचा दर आधीच ठरवून घ्या.

कळवेकर:
मी आठ वर्षं कळव्याहून ऐरोलीला जातोय. ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल, पकडायची. दुपारी काही त्रास नाही. रस्त्याने जायचं तर जोराच्या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, त्या दिवशी लोकलच बरी. रात्री ११ नंतर मात्र तुम्ही एकट्या गाडी बदलत येऊ नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत गाडी कंपनीने द्यायची असते. रुजू होण्याआधीच एचआरकडून लेखी घ्या.

नेरुळ_सेक्टर_१०:
नोटरीवर थांबू नका, कळकळीने सांगते. माझे डिपॉझिटचे ४०,००० असेच अडकले. घर सोडताना मालक म्हणाले, रंगकाम तुमच्याकडे ठरलं होतं. मी दोन वर्षं हेलपाटे घातले, निम्मेच हाती आले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे तुमच्या घरासाठी ४०० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी १,०००. नोंदणीसाठी माणूस घरी येऊन अंगठ्यांचे ठसे घेऊन जातो. टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी वीजबिल आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदी नोंदणीचा उतारा) वर मालकाचं नाव जुळतंय का बघा.

कऱ्हाडची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कळव्याला परत गेले. मालकीणबाईंना कलम ५५ सांगितलं, त्या नोंदणीला लगेच तयार झाल्या. अडून बसला होता तो एजंटच. वीजबिलावर नाव त्यांचंच आहे, इंडेक्स टू उद्या दाखवतायत. आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. तिने आधी ओटा बघितला, मग विचारलं, "खाली बसायला बाकडं आहे का गं?" आहे. एचआरला गाडीचं विचारलंय, त्यांचं उत्तर आलं की टोकन देते.