ईसीएम: वाचलेली मिनिटं जातात कुठे?

कागदी_वाघ

गेल्या आठवड्यात इथे 'ईसीएम हा खर्च नव्हे, गुंतवणूक' असा धागा आला होता. ईसीएम म्हणजे एंटरप्राइझ कंटेंट मॅनेजमेंट: कंपनीचे सगळे कागद एका सिस्टीममध्ये ठेवायची, शोधायची आणि वेळ आली की पुसायची सोय. त्यातला हिशोब असा: प्रत्येक माणसाची रोज वीस मिनिटं फायली शोधण्यात जातात. नवी सिस्टीम ती वाचवते. वीस मिनिटं गुणिले हजार माणसं गुणिले तासाचा पगार, म्हणजे दीड वर्षात पैसे वसूल. खाली 'अगदी खरं', '+१', 'आमच्या मॅनेजमेंटला दाखवतो'. तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते एवढं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

माझे वीस मिनिटं वाचले तर कंपनी वीस मिनिटांचा पगार कापते का? नाही. मग हजार माणसांचे तेवढे तास नक्की कुठल्या खात्यात जमा होतात? ते जातात आणखी एका मीटिंगमध्ये. ताळेबंदात ही बचत आजवर कुणी दाखवली असेल तर मला दाखवा.

अशी दोन मोठी रोलआउट मी आतून पाहिली आहेत. लायसन्सचा आकडा सगळ्यांना दिसतो, मायग्रेशनचा, म्हणजे जुन्या फायली नव्या सिस्टीममध्ये हलवण्याचा, नंतर कळतो. दुसऱ्या वेळी जुना शेअर्ड ड्राइव्ह 'फक्त सहा महिने, तेही रीड-ओन्ली' ठेवायचं ठरलं होतं. चार वर्षं झाली, अजून आहे. मधे कुणीतरी रीड-ओन्ली काढलंसुद्धा.

आणि ज्या नावाने हे विकतात ते नावही टिकलं नाही. २०१७ मध्ये गार्टनर या आयटी सल्लागार कंपनीनेच ईसीएम हा शब्द बाजूला ठेवून 'कंटेंट सर्व्हिसेस' म्हणायला सुरुवात केली. डॉक्युमेंटम ही ईसीएम सिस्टीम घ्या: २००३ मध्ये ईएमसीकडे, ईएमसीबरोबर २०१६ मध्ये डेलकडे, जानेवारी २०१७ पासून ओपनटेक्स्टकडे. तसंच दुसरं नाव फाइलनेट, ते २००६ मध्ये आयबीएमने घेतलं. दहा वर्षांचे कागद ज्याच्या हवाली करायचे, त्याचा मालक कोण हेच दर काही वर्षांनी नव्याने शिकायचं.

अनुक्रमणिका

मिनिटांचं गणित भंपक आहे हे मान्य. ते विक्रीवाले करतात, कारण वरच्या मंडळींना एका स्लाइडवर एकच आकडा लागतो. पण आकडा भंपक म्हणून वस्तूच भंपक, ही उडी कशी मारलीत?

मी रेकॉर्ड्समध्ये आहे. आमच्याकडे एका ऑडिटला एका पुरवठादाराबरोबरचा सही झालेला करार मागितला. ड्राइव्हवर तीन निघाले: 'करार_अंतिम', 'करार_अंतिम_सुधारित' आणि 'करार_हाच_वापरा'. तिन्हींत दंडाचं कलम वेगवेगळं, आणि सही एकावरही नाही. सहीचा स्कॅन एका निवृत्त अधिकाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये होता, आणि तो मेलबॉक्स आयटीने नियमाप्रमाणे बंद केलेला. नऊ दिवस लागले. शेवटी आम्ही समोरच्या पक्षालाच विचारलं, "तुमच्याकडची प्रत पाठवता का?" वाटाघाटी चालू असताना! त्या दिवशी आमची बाजू किती लंगडी झाली, हे कुठल्या रकान्यात लिहू?

आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मचं आठवा. दिवाळं निघालेल्या एन्रॉन या ग्राहक कंपनीचे कागद नष्ट केले म्हणून २००२ मध्ये दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून. तोवर फर्म संपलेली होती. कागद नष्ट करणं हा एरवी गुन्हा नसतो. प्रश्न असतो कधी आणि कुठल्या नियमाने. तो नियम सिस्टीममध्ये नसेल तर माणसाच्या मर्जीवर असतो.

टेबलाखालचा_सर्व्हर

एवढं सगळं कशाला? शिस्तीत फोल्डर करा आणि रोज बॅकअप घ्या. वर्ष, मग ग्राहक, मग काम. पंधरा वर्षं चाललंय आमचं, एक फाईल हरवलेली नाही.

अनुक्रमणिका

हरवलेली नाही, की शोधलेली नाही?

टेबलाखालचा_सर्व्हर

बोचरं बोलून मुद्दा सिद्ध होत नाही, मॅडम. फोल्डर माणसाला कळतो. तुमच्या त्या मेटाडेटाची, म्हणजे फाईलला जोडलेल्या माहितीच्या रकान्यांची, गंमत सांगतो. आधीच्या कंपनीत फाईल अपलोड करताना चौदा रकाने सक्तीचे होते. 'दस्तऐवज प्रकार' या यादीत पहिला पर्याय होता 'करार'. घाईतला माणूस काय करणार? पहिला पर्याय निवडणार. तीन महिन्यांनी पाहिलं तर लिफ्ट बंद असल्याची सूचना 'करार', वाढदिवसाचे फोटो 'करार'. आणि करारांना दहा वर्षं जपण्याचा नियम लावलेला! लिफ्ट दुसऱ्याच दिवशी चालू झाली, सूचना मात्र अजून दहा वर्षांच्या कोठडीत आहे.

कागदी_वाघ

हा हा. हे फ्रेम करून लावायला हवं.

अनुक्रमणिका

हसा. चौदा सक्तीचे रकाने ठेवणाऱ्याला मीही नोकरीवरून काढीन. पण तुमच्या फोल्डरमध्ये दुसरं काय आहे हो? 'वर्ष/ग्राहक/काम' हाही मेटाडेटाच. फक्त तीनच रकाने, क्रम कायमचा गोठलेला. उद्या कुणी विचारलं, "सगळ्या ग्राहकांचे यंदा संपणारे करार द्या", तर काय, प्रत्येक फोल्डर उघडत बसणार?

टेबलाखालचा_सर्व्हर

सर्च आहे की.

आणि मेटाडेटा इतका महान, तर शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची कागद ठेवायची सिस्टीम) यादीत ५००० च्या वर आयटम गेले की व्ह्यू मान का टाकतो? त्यावर तोडगा काय सांगतात? फोल्डर करा! फिरून फिरून भोपळे चौकात.

अनुक्रमणिका

अर्धवट सांगू नका. ५००० ही व्ह्यूची मर्यादा आहे, साठवणीची नाही. कॉलमला इंडेक्स लावा, त्यावर फिल्टर ठेवा, चालतं. आता तुमचं सांगते. विंडोजमध्ये पाथची, म्हणजे फोल्डरांसकट फाईलच्या पूर्ण पत्त्याची, जुनी मर्यादा २६० अक्षरांची. फोल्डरात फोल्डर करत गेलात की एक दिवस फाईल डोळ्यांसमोर दिसते पण कॉपी होत नाही. तेव्हा तुमची बॅकअपची स्क्रिप्ट काय करते, एरर दाखवते की गुपचूप पुढे जाते? लॉग कधी उघडून पाहिलाय?

टेबलाखालचा_सर्व्हर

माझी पंधरा वर्षं काढायची गरज नव्हती. जाऊ द्या, पुस्तकी लोकांशी वाद नको.

अनुक्रमणिका

नऊ दिवस करार शोधत मी फिरले होते, पुस्तक नव्हे.

बिलंवाली

भांडण रंगात आलंय, मधे पडते. फोल्डर की मेटाडेटा यात मला काडीचा रस नाही. मी देणी सांभाळते.

आमच्याकडे आधी बिल कागदावर यायचं आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचं. ज्या साहेबांची सही हवी ते दौऱ्यावर गेले की बिल त्यांच्या ट्रेमध्ये उपाशी. पुरवठादाराचा फोन आला की आमचं ठरलेलं उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे". म्हणजे कुठे आहे ते माहीत नाही. आता बिल आलं की स्कॅन होतं, पर्चेस ऑर्डर आणि माल मिळाल्याची नोंद यांच्याशी जुळवलं जातं. तिन्ही जुळलं तर थेट पुढे, नाही जुळलं तरच माणसाकडे.

पैसे कुठे दिसतात विचारताय ना? ३० दिवसांची उधारी आणि १० दिवसांत दिलं तर २ टक्के सूट, ही अट पाहिली असेल. सूट सोडली की २० दिवसांसाठी आपण ९८ रुपयांवर २ रुपये मोजतो. वर्षाच्या हिशोबाने जवळपास ३७ टक्के. इतक्या महाग दराने कर्ज आम्ही घेत होतो, कारण काय, तर बिल ट्रेमध्ये पडलेलं! ही बचत थेट ताळेबंदात येते. एकच बिल दोनदा फेडणं थांबलं, तेही येतं.

कागदी_वाघ

बिलंवाली, हा धाग्यातला पहिला प्रतिसाद ज्यात पैसा खरोखर पैशासारखा दिसला. मान्य. पण ही किंमत कामाच्या प्रवाहाची झाली, भांडाराची नाही. यासाठी कंपनीचा प्रत्येक कागद एका जागी कोंबायची गरज कुठे होती? बिलांपुरतं घ्या, बिलांपुरते पैसे द्या. 'एंटरप्राइझ' या सहा अक्षरांचे वेगळे पैसे लागतात, माझा राग त्यांवर आहे.

अनुक्रमणिका

मग पुसायचं कसं? जपण्याबद्दल सगळे बोलतात. युरोपच्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या कायद्यात कलम १७ आहे, २०१८ पासून लागू. एखाद्याने "माझी माहिती काढून टाका" म्हटलं आणि ती ठेवायला कायदेशीर कारण नसेल, तर काढावी लागते. बिलांची एक सिस्टीम, करारांची दुसरी, आणि तुमचा तो चार वर्षं मेलेला ड्राइव्ह. त्या माणसाचं नाव कुठे कुठे आहे ते सांगा पाहू. सांगता येत नसेल तर सगळं पुसलं हे कशाच्या जोरावर लिहून देणार?

कागदी_वाघ

त्या ड्राइव्हचा विषय मी काढायला नको होता.

खरं सांगायचं तर तुमचा प्रतिसाद वाचून आज सकाळी आत डोकावलो. 'तात्पुरतं' नावाच्या फोल्डरमध्ये नोकरीसाठी आलेल्यांचे अर्ज आहेत. ओळखपत्रांच्या प्रतींसकट. ज्यांना नोकरी मिळालीच नाही त्यांचे. फोल्डर कोणी केला ते कळत नाही, ते खातंच आता अस्तित्वात नाही.

तरीही वीस मिनिटांचं गणित भंपकच. एवढं लिहून ठेवा.

अनुक्रमणिका

ते मी पहिल्या ओळीत लिहिलंय. तुम्ही वाचलं नाहीत.

टेबलाखालचा_सर्व्हर

बॅकअपचा लॉग पाहिला. किती फाईली सुटल्या होत्या ते इथे लिहिणार नाही.

पण चौदा रकाने मी भरणार नाही म्हणजे नाही. तीन ठेवा, मग बोलू.

अनुक्रमणिका

दोनच ठेवते. प्रकार आणि कोणाचं काम. तारीख, विभाग, अपलोड करणारा हे सिस्टीमने स्वतः भरावं, तिला ते माहीत असतं. आणि यादीत पहिला पर्याय रिकामा.

टेबलाखालचा_सर्व्हर

हे काल रात्री म्हणाला असतात तर मी वेळेवर झोपलो असतो.

बिलंवाली

रिकामा पर्याय ठेवाल तर रिकामाच सबमिट होतो. आमच्याकडे करून पाहिलंय.