अनुभव धागा : गाडी लावल्यानंतरची बाटली

पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर अपघात झाला की आमच्या सोसायटीत पहिले वाक्य ठरलेले असते, "प्यायलेला असणार." या वेळी ते ऐकताना वडिलांची फार आठवण झाली, म्हणून लिहायला घेतले. वडील ट्रकड्रायव्हर होते, कळंबोलीहून लोखंड भरून बंगळूर, होसूरपर्यंत जात असत. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, ताडपत्रीची गाठ दुसऱ्याने मारली असेल तर स्वतः ओढून पाहायची, आणि गाडीची किल्ली खिशात असेपर्यंत दारूला हात लावायचा नाही, हे त्यांचे नियम होते. किल्ली मालकाच्या हाती गेली की मात्र ते पीत, आणि भरपूर पीत. त्यामुळे घरी आलेले वडील आम्हाला बहुतेक वेळा त्याच अवस्थेत भेटले. गाडीवरचा काटेकोर माणूस आम्हाला कळला तो त्यांच्या हाताखाली शिकलेल्या किन्नरांच्या, म्हणजे गाडीवरच्या मदतनीसांच्या, बोलण्यातून. ज्यांच्या घरात किंवा नात्यात हा धंदा आहे त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत.
– कळंबोली लाइन

पिणारा ड्रायव्हर आणि चालवताना पिणारा ड्रायव्हर यांत आम्ही मालक पक्का फरक करतो. चालवताना पिणाऱ्याच्या हाती कोणी गाडी देत नाही, आणि अशा माणसाची बातमी कराडहून कोल्हापूरला त्याच्याआधी पोहोचते. अडचण वेगळीच आहे. भिवंडीत गोदामापुढे नंबर लागतो, संध्याकाळी सांगतात की गाडी उद्या दुपारी खाली होईल, ड्रायव्हर निवांत होऊन जेवणाआधी क्वार्टर घेतो, आणि रात्री मुकादमाचा फोन येतो की पुढची गाडी निघाली, तुमची धक्क्याला लावा. हलवायची असते ती चार पावले, पण मागे उभ्या असलेल्या हमालाला त्या चार पावलांतच धोका असतो. माझ्या एका जुन्या ड्रायव्हरने अशा वेळी सरळ सांगितले होते, "शेठ, मी घेतली आहे, गाडी हलणार नाही." नंबर गेला, एक दिवस बुडाला, मी चिडलोही; पण त्याच्याइतका भरवशाचा माणूस मला पुन्हा मिळाला नाही.
– एक गाडीमालक, कराड

ताई, तुमचा किन्नरांविषयीचा उल्लेख वाचून थबकले. आमच्या घरीही हेच चालते. पगार यजमान माझ्या हातात देतात, पण फेरीचा भत्ता आणि डिझेलमधून वाचलेले पैसे हे त्यांचे स्वतःचे, आणि पिण्याचा खर्च त्यातूनच होतो. आता डिझेल वाचते कसे, हेही सांगायला हवे: उतारावर गाडी न्यूट्रल टाकून. म्हणजे संध्याकाळच्या बाटलीसाठी दिवसा, अगदी शुद्धीत असताना, इंजिनाचा आधार सोडून नुसत्या ब्रेकवर भरलेली गाडी सोडायची. ब्रेक तापले की धरत नाहीत, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. अशा गाडीचा अपघात झाला आणि तपासणीत दारू निघाली नाही, तर "तो प्यायला नव्हता" असे अभिमानाने सांगायचे का, हा प्रश्न मी त्यांना विचारला, तेव्हा ते उठून बाहेर गेले.
– माणदेशी

गृहिणी असून असे लिहिता, ताई, तुम्हाला नमस्कार.
– पिंपळगावकर

महामार्गालगत दवाखाना असल्यामुळे थोडे लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर गुन्हा होतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळचा दंड १०,००० रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. कायदा रक्त पाहतो, बाटली केव्हा संपली हे पाहत नाही. माझ्याकडे येणारे अनुभवी ड्रायव्हर मला ठामपणे सांगतात की पहाटे आंघोळ, लिंबूपाणी आणि कडक चहा झाला की माणूस कोरा होतो. यकृत आपल्या गतीने काम करते. चहाने फक्त झोप उडते. रात्री उशिरापर्यंत बसलेला माणूस पहाटे चारला निघाला तर त्याच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे तो निर्दोष असतो आणि कायद्याप्रमाणे गुन्हेगार ठरू शकतो.
– शिरवळ डॉक्टर

येथे अमेरिकेत आमचे शेजारी ट्रक चालवतात, म्हणून माहिती आहे. त्यांना कामावर येण्याआधी चार तास मद्य घेता येत नाही आणि रक्तातील मर्यादा ०.०४ टक्के आहे. म्हणजे आपली मर्यादा (३० मिलिग्रॅम म्हणजे ०.०३ टक्के) उलट अधिक कडक आहे, मात्र तासांचा नियम आपल्याकडे वैमानिकांना आहे (१२ तास), ट्रकचालकांना नाही.
– ओहायोवासी

आमचे काका अहमदाबाद लाइनवर होते. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे जाताना कोरडे, आणि येताना महाराष्ट्राच्या हद्दीतली तलासरी आली की जल्लोष! काकू म्हणत की ते गुजरातेतच राहिले असते तर घर बांधून झाले असते. एक मात्र खरे, बंदीचे ते दिवस काकांना जड जात नसत. जड जात असे ते माल उतरण्याची वाट पाहणे.
– वसईचा पुतण्या

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतची दारूची दुकाने ५०० मीटर आत न्यायची होती. आमच्या ढाब्यावर त्याचा परिणाम एवढाच झाला, की भरलेली चौदाचाकी गल्लीत वळत नसल्यामुळे ड्रायव्हर मोटारसायकलवरच्या पोऱ्याला पाठवू लागले आणि बाटलीमागे पोऱ्याची कमाई सुरू झाली. लहान गावांसाठी ५०० चे अंतर २२० मीटर करण्यात आले. पोऱ्या तरीही राहिला.
– खाटेवरचा जेवणारा

वाट पाहण्याविषयी वसईकरांनी लिहिले ते महत्त्वाचे आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास असे काम ठरवून दिले होते, परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच फार. कराडचे मालक, तुमच्याकडे काम कधी संपले हे कोण ठरवतो?
– जुना युनियनवाला

कोणीच ठरवत नाही, हे मान्य करतो. अलीकडे मी बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून घेतो की सायंकाळी सातनंतर गाडी हलवली जाणार नाही आणि थांबल्याचे हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, द्यावे लागतील.
– एक गाडीमालक, कराड

व्यापारी ते देतात का?
– कळंबोली लाइन

नेहमीचे देतात, कुरकुर करून. नवे मात्र बिल्टी वाचतात आणि दुसऱ्या गाडीला फोन लावतात.
– एक गाडीमालक, कराड