मदत हवी आहे: मीटरपाशी क्लोरीन दिसतो, घरच्या नळाला दिसत नाही

नमस्कार मंडळी. घणसोलीत आमची सात मजली सोसायटी आहे. मध्यंतरी दोन घरांतल्या मुलांना उलट्या-जुलाब झाले आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कावीळ निघाली. डॉक्टरांनी हिपॅटायटिस ई सांगितलाय आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. आमच्याच मजल्यावर एक ताई सात महिन्यांची गरोदर आहे, त्यामुळे मला काही स्वस्थ बसवत नाही.

पाणी मोरबे धरणाचं, महापालिकेकडून शुद्ध होऊन येतं. मी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचं, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगावरून दाखवणारं किट आणलं. पाणी सुटल्यावर मीटरजवळच्या नळाचं पाणी घेतलं तर थेंब टाकताच पिवळं झालं, तक्त्यावर ०.५ च्या आसपास. घरच्या नळाच्या पाण्याला मात्र लगेच काहीच रंग नाही. नळी ओट्यावर तशीच राहिली होती, पाच-दहा मिनिटांनी बघते तर फिकट पिवळी! हे काय समजायचं?

कमिटी म्हणते दिवाळीआधी टाकी धुतली आहे, घरोघरी आरओ आहे, कशाला घाबरवता. पण सगळ्यांकडे आरओ नाही. वॉचमनदादांचं कुटुंब तर खालच्या नळाचंच पाणी पितं.

जमिनीखालची टाकी ४० हजार लिटरची आहे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आपणच टाकली तर चालेल का, किती टाकायची? आणि जंतूंची तपासणी करायची तर नमुना कसा घ्यायचा?

गच्चीवरचा: साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन कमी होतोच. गच्चीवरच्या टाकीत ऊन लागतं, पाणी दीड-दोन दिवस पडून राहतं. त्यामुळे नुसता रंग आला नाही म्हणून पाणी दूषित असं नाही. मीटर, खालची टाकी, वरची टाकी, घरचा नळ असं क्रमाने तपासा. रंग नेमका कुठे जातो ते कळेल.

पाणीवाला (निवृत्त): क्रमाने तपासा हे बरोबर. पण ताई, मला काळजी वाटते ती त्या उशिरा आलेल्या पिवळ्याची. ओटीत पहिल्या दहा सेकंदांत येतो तो मोकळ्या क्लोरीनचा रंग. मागाहून चढतो तो संयुक्त क्लोरीनचा, म्हणजे क्लोरीन अमोनियाशी बांधला गेलाय. तो जंतू मारण्यात फार दुबळा. लोह, मँगनीज, नायट्राइट असेल तरी ओटी पिवळं होतं हे खरं, पण तुमच्याकडे मीटरपाशी मोकळा क्लोरीन आहे आणि आत आल्यावर तो बांधला जातोय. अमोनिया आला कुठून? माझा पहिला संशय ड्रेनेजवर. खालच्या टाकीपासून चेंबर किती लांब आहे ते आजच बघा.

पावडरचं: चांगल्या प्रतीची असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला १०० ग्रॅम. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. अर्ध्या तासाने पुन्हा ओटी. भारतीय मानकात (आयएस १०५००) मोकळा क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर लागतो, विषाणूंची भीती असेल तर ०.५. उघडं पडलेलं पोतं वापरू नका, त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

मात्र मैला झिरपत असेल तर पावडरवर विसंबू नका. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं. क्लोरीन वाढवला, टायफॉइड वाढला नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आधी गळती शोधा.

लॅबवाली: नमुन्यासाठी घरची बाटली चालणार नाही. लॅबमधून निर्जंतुक बाटली घ्या. तिच्यात थायोसल्फेट घातलेलं असतं, ते क्लोरीन मारतं. नाहीतर वाटेत जंतू मरून रिपोर्ट खोटाच चांगला येतो. म्हणून बाटली विसळायची नाही. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोहोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) एकही असता कामा नये. सोबत अमोनियाही तपासायला सांगा, मर्यादा ०.५ मिलिग्रॅम.

त्या गरोदर ताईंना आजच सांगा: उकळलेलंच पाणी, दात घासायलासुद्धा. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई फार घातक ठरतो. कावीळ पाणी प्यायल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते, त्यामुळे आज पाणी स्वच्छ आलं तरी आणखी रुग्ण निघू शकतात. आणि ओटीचं रसायन विषारी आहे, ती नळी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवू नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. खालच्या टाकीतच रंग जातोय. चेंबर टाकीच्या भिंतीला जवळजवळ चिकटून आहे आणि तुंबलेलं आहे. पंप बंद केला, विभाग कार्यालयात कळवलं, टँकर मागवलाय. वॉचमनदादांच्या घरी आमच्याकडून उकळलेलं पाणी देतोय. ताई सध्या माहेरी गेली. चेंबर आणि टाकीची भिंत दुरुस्त झाल्यावर फक्त टाक्या धुतल्या की पुरे, की पाइपही?

पाणीवाला (निवृत्त): पाइपही. दोन्ही टाक्या घासून धुवा. मग पाणी भरून हजार लिटरला २०० ग्रॅम पावडर (क्लोरीन २५ टक्के धरून), म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर. प्रत्येक घरातला नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा. घरोघर आधी सांगा, दारांवर चिठ्ठ्या लावा, ते पाणी कुणी वापरता कामा नये. आरओचे नळ बंद ठेवा. टाकीत उतरणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका, झाकणं उघडून हवा खेळू द्या. सकाळी सगळं सोडून द्या, नवीन पाणी घ्या, ओटी १ च्या खाली आली की नमुना लॅबला. रिपोर्ट हातात येईपर्यंत उकळणं थांबवायचं नाही.